भिंतीला न टेकता

आमच्या दहिसरच्या फ्लॅटच्या दारावर दोन पाट्या आहेत. एक आडनावाची आणि दुसरी माझ्या क्लासची, अकरावी-बारावी गणित. दुसरी पाटी पहिलीपेक्षा मोठी आहे, त्यावरून नवरा मला अजून चिडवतो. अशा दाराच्या आत लहानाची मोठी झालेली मुलगी गणितात नापास झाली, तेव्हा माझं काय झालं असेल ते कुणालाही कळेल.

बातमी फोनवर आली, रविवारी. मुलगी लष्करी अकॅडमीत आहे. मुलींना तिथे प्रवेश मिळू लागल्यावर हिने बारावीत असतानाच परीक्षा दिली, मुलाखतीतूनही पार पडली, आणि आम्ही दोघं तोंडात बोट घालून बघत राहिलो. आमच्या दोन्ही घरांत लष्करात कुणी नव्हतं. सासरे गिरणीत, माझे वडील बँकेत, नवरा अंधेरीला विम्याच्या ऑफिसात. तिथे कॅडेटना परेड, पोहणं, घोडा, बंदूक हे सगळं करता करता कॉलेजच्या पदवीचा अभ्यासही करावा लागतो, हे मला ती गेल्यावर कळलं. मी तर समजत होते, गणितातून सुटली बिचारी.

रविवारी तिच्या हातात थोडा वेळ फोन यायचा. बोलणं ठरलेलं. कशी आहेस, मस्त. जेवतेस ना, हो. सगळं ठीक, सगळं ठीक. त्या रविवारीही ती त्याच सुरात म्हणाली, "सगळं ठीक. मॅथ्समध्ये उडाले."

"गणितात?" मी म्हटलं. "तू?"

"हो. सुट्टीनंतर परत पेपर आहे. त्यात पण उडाले तर रेलिगेट."

रेलिगेट म्हणजे एक टर्म मागे. पहिल्या दिवसापासून ज्यांच्याबरोबर धावलात, ज्यांच्या ताटातलं खाल्लंत, ते पुढे जाणार आणि तुम्ही कालपर्यंत ज्युनिअर असलेल्यांच्या रांगेत उभं राहणार. तिने हे सांगितलं ते हवामान सांगितल्यासारखं. फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, "आता पाटी जरा छोटी करूया का?" त्यानंतर जेवायला वाढेपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

ती सुट्टीवर आली तेव्हा मी अभ्यासाची जय्यत तयारी केली होती. तिचा सिलॅबस मागवून घेतला होता, माळ्यावरून माझी एमएस्सीची पुस्तकं काढून पुसली होती. सकाळी नाश्ता झाला की डायनिंग टेबलवर बसायचं, समोरासमोर, मधे कुणी येणार नाही. नवऱ्याने तिच्यासाठी नवी, चांगली उशीवाली खुर्ची आणली होती. तीच आमची पहिली चूक.

ती बसली. पाठ सरळ, हातात पेन, नजर वहीवर. मी दुहेरी इंटिग्रेशनची सुरुवात समजावून सांगितली, अगदी मन लावून. मधेच तिला पुढची पायरी विचारली तर उत्तर नाही. वाकून बघितलं, तर बाईसाहेब झोपलेल्या. पाठ तशीच ताठ, पेन तसंच बोटांत, मान फक्त किंचित खाली. लांबून कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, किती अभ्यासू मुलगी आहे.

"अगं," मी म्हटलं. ती ताडकन उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सॉरी मॅम."

आईला मॅम. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. केस बारीक कापलेले, नाक उन्हाने सोललेलं, कोपरांवर काळे डाग. ही माझी मुलगी, आणि टेबलाच्या पलीकडे उभी राहून मला मॅम म्हणतेय.

"बस," मी म्हटलं.

"बसले की झोप येते आई. मी उभी राहू का? तिकडे आम्ही उभेच राहतो."

मग तिने सांगितलं. पहाटे उठून परेड नाहीतर पीटी, मग पळापळीत आंघोळ, नाश्ता, आणि रांगेने सायकली हाणत वर्गात. केस ओले, पोट भरलेलं, डोक्यावर पंखा. "त्या पंख्याखाली बसलं ना, की जगातली सगळ्यात भारी झोप लागते," ती म्हणाली. म्हणून तिथे पद्धत अशी की ज्याला झोप आवरेना त्याने आपणहून उठायचं, वर्गाच्या मागे जायचं आणि भिंतीपाशी उभं राहून पुढचं ऐकायचं. विचारायचं नाही, सर शिकवत राहतात, कुणी हसत नाही. झोप उडाली की परत जागेवर. एकच नियम, भिंतीला टेकायचं नाही, कारण टेकलं की उभ्या उभ्या डोळा लागतो. कधी कधी म्हणे अर्धा वर्ग मागे उभा असतो आणि पुढची बाकं रिकामी.

मी आजवर डुलकी घेणाऱ्यांना मार्करचं टोपण फेकून मारत आलेय. नेम चांगला आहे माझा. तिचं ऐकल्यावर मला त्या न पाहिलेल्या वर्गाबद्दल एकदम माया वाटली. इतकी दमलेली पोरं, पण वर्ग सोडून जात नाहीत.

तेव्हापासून ती उभी आणि मी बसलेली, असा अभ्यास सुरू झाला. झोप गेली. गाडी रुळावर आली असं मला वाटलं. प्रत्येक पायरीला मी विचारायचे, "समजलं?" आणि ती म्हणायची, "हो." एवढ्या भराभर कुणाला समजत असेल तर ही नापास झालीच कशी, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पण स्वतःच्या शिकवण्यावर माणसाचा जरा जास्तच विश्वास असतो.

आठवड्याच्या शेवटी मी तिचा पेपर घेतला. साधीच गणितं, मी समजावलेलीच. तिने पेपर दिला आणि मी तपासायला घेतला. पहिलं चूक, दुसरं अर्धवट, तिसरं तर सुरुवातीलाच फसलेलं. मी तपासता तपासता तापत गेले.

"तू प्रत्येक वेळी समजलं म्हणालीस."

"हो."

"मग हे काय आहे?"

ती उभीच, अगदी सावधानमध्ये. माझा राग आणखी चढला. "मी काय परकी आहे? नाही समजलं असं तोंडातून निघत नाही तुझ्या?"

तिने टेबलावरची वही सरळ केली. मग म्हणाली, "नाही निघत गं."

आणि मग पुढचं सगळं बाहेर आलं. तास संपताना त्यांचे सर विचारतात, कुणाला काही शंका आहे का. तेव्हा कुणीही हात वर करत नाही.

"का? ओरडतात?"

"नाही गं, सर चांगले आहेत. विचारलं तर थांबून परत शिकवतील. तोच तर प्रॉब्लेम आहे. सर थांबले की आम्हाला पुढच्या तासाला उशीर. उशीर झाला की अख्ख्या स्क्वॉडला रगडा."

रगडा म्हणजे आमच्या नाक्यावर पॅटिसबरोबर मिळतो तो नव्हे. तिथल्या शिक्षेचं नाव आहे ते. भर उन्हात रस्त्यावर कोलांट्या मारायच्या, बेडूकउड्या मारायच्या, आणि एकाची चूक असली तरी सगळ्यांनी मिळून.

"माझ्या एका डाउटसाठी बाकीच्यांनी कशाला लोळायचं?" ती म्हणाली.

"मग शंका विचारता कुणाला?"

"एकमेकांना. संध्याकाळी स्टडी पीरियड असतो ना, तेव्हा. ज्याला जे येतं तो ते सांगतो. पण मॅथ्सवाल्याच्या दाराशी लाइन असते, आणि आपला नंबर येईपर्यंत वाट लागलेली असते." तिने मान टाकून डोळे मिटून दाखवले.

"आणि इथे? इथे तुझ्यामुळे कोण लोळणार होतं?"

"सवय झालीय आई. कुणी 'समजलं?' विचारलं की तोंडातून हो निघतं. मला पण नंतर कळतं."

मी पेपर बाजूला ठेवला. राग कुठल्या कुठे गेला होता. माझ्या डोक्यात गणित नव्हतंच आता, रविवारचे सगळे फोन होते. मस्त. हो. सगळं ठीक. त्यातलं किती खरं होतं? फेरपरीक्षेत ती पास झालीच पाहिजे असं मला वाटत होतं, पण त्याहून जास्त हे वाटायला लागलं की परत जाण्याआधी या मुलीच्या तोंडून एक 'नाही' ऐकायचं. ते ऐकल्याशिवाय पुढच्या रविवारी मी तिच्यावर विश्वास कसा ठेवणार होते?

"आता मी विचारलं की नाही समजलं म्हणायचं," मी हुकूम सोडला. "समजलं असलं तरी."

"यस मॅम," ती म्हणाली. नवरा आतून मोठ्याने हसला.

हुकमाने जमलं नाही ते माझ्या क्लासमुळे जमलं. संध्याकाळी बारावीची बॅच असते आमच्या हॉलमध्ये. घडीची टेबलं, समोर पांढरा बोर्ड, मागे रिकामी भिंत. एकटीला खोलीत बसून अभ्यास करताना झोप येते म्हणून तिने विचारलं, "मी तुझ्या क्लासमध्ये मागे उभी राहू?"

पहिल्या दिवशी पोरं सारखी मागे वळून बघत होती. एका मुलीने हळूच विचारलं, "टीचर, दीदीला पनिशमेंट दिलीय का?" मी म्हटलं, "नाही, तिला अभ्यासाची आवड आहे." दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या पाठी सरळ झाल्या होत्या. मोबाइल दप्तरात गेले. मला इतक्या वर्षांत जे ओरडून साधलं नव्हतं ते ती नुसती उभी राहून साधत होती, त्याचा थोडा रागही आला.

बॅचचं प्रोबॅबिलिटी चालू होतं. मी ते बाजूला ठेवलं आणि दोन आलेखांच्या मधलं क्षेत्रफळ काढायला घेतलं.

"टीचर, हे झालंय ना आपलं?"

"झालंय. परत करायचं."

कारण पेपर तपासताना मला दिसलं होतं, मुलीची अडचण दुहेरी इंटिग्रेशनची नव्हतीच. ती दोन वर्षं मागे, इथेच अडकली होती. ती आकृती न काढता सूत्र लावायची, आणि क्षेत्रफळाचे तुकडे पाडताना पट्टी उभी धरायची की आडवी हे कळलं नाही की सगळं कोसळायचं. मी बोर्डावर एक रेघ काढली, एक वक्र काढला. मधे जो भाग सापडला त्यात उभ्या पट्ट्या पाडल्या. खाली वक्र, वर रेघ. मग म्हटलं, आता आडव्या पाडू.

"टीचर, आडव्या आपल्या पोर्शनमध्ये नाहीत," एकजण म्हणाला.

"माझ्या आहेत," मी म्हटलं.

आडव्या पट्ट्या पाडून प्रत्येक पट्टी कुठून कुठपर्यंत जाते त्या मर्यादा लिहिल्या. सवयीने विचारलं, "समजलं?" पहिल्या दोन रांगांतून "हो टीचर" असा सूर आला. तेवढ्यात मागच्या भिंतीपाशी एक हात वर गेला. कोपर ताठ, बोटं जुळलेली, परेडमध्येच शोभेल असा.

"नाही समजलं," ती म्हणाली.

मी मार्कर हातात धरून उभी राहिले. चेहरा तिचा लाल झाला होता, जणू काही आता सगळ्यांना तिच्यामुळे खाली उतरवून बिल्डिंगभोवती लोळायला लावणार आहेत. "काय नाही समजलं?" मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं.

"उभी पट्टी होती तेव्हा वक्र खाली होता. आडवी केल्यावर डावीकडे रेघ कशी आली? वक्र उजवीकडे कसा गेला?"

मग खिडकीजवळचा मुलगा म्हणाला, "टीचर, मला पण नाही समजलं ते." त्याच्या शेजारची म्हणाली, "यार, मला वाटलं फक्त मलाच." आणि मग एकेक करत अर्धी बॅच कबूल झाली. आत्ता हो म्हणालेली तीच पोरं. आमच्याकडे रगडा नसतो, तरीही ही हो म्हणत होती. मी वर्षानुवर्षं ते हो ऐकून पुढचं गणित घेत आले होते.

बोर्डावर सांगून भागेना. मी आत गेले आणि कोथिंबीर वडीची थाळी घेऊन आले. उकडून गार करायला ठेवली होती, तळायची बाकी होती. सुरीने थाळीत तोच आकार कापला, एक बाजू सरळ, दुसरी पोट सुटलेली. बाकीची वडी बाजूला काढली. "आता ही उभी कापली तर सुरी कुठून कुठे जाते बघा. आणि ही आडवी." पोरं टेबलाभोवती जमली. मुलगी भिंत सोडून पुढे आली, कुणाच्या तरी खांद्यावरून वाकली आणि आडव्या कापावरून तिने बोट फिरवलं. सरळ कडेपासून निघालं, पोटाच्या कडेला थांबलं. तिने परत फिरवलं.

"अच्छा," ती म्हणाली. "वडी तीच आहे. आपण दुसरीकडून आत शिरतोय."

त्या दिवशी क्लास उशिरा सुटला. दोन आयांचे फोन आले, एकाची पुढची फिजिक्सची बॅच चुकली, आणि कुणालाही काही झालं नाही. क्षेत्रफळ पोरांनी तिथेच न तळता खाऊन टाकलं. बाकीची वडी मी आत तळायला नेली तेव्हा वळून पाहिलं, ती परत मागे जाऊन उभी होती, पण आता पाठ भिंतीला टेकून. डोळे उघडे होते.

त्यानंतर तिने मला छळलं. खरंच छळलं. बाजारात बांगडे निवडताना शंका, कुकरची शिट्टी होत असताना शंका, मी टीव्हीसमोर जरा पाय लांब केले की शंका. एकच गोष्ट चार वेळा नाही समजलं म्हणायची. पाचव्यांदा मी तडकले, तर म्हणाली, "तूच म्हणालीस ना, म्हणायचं." नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूटपणे सहाव्यांदा सांगायला घेतलं. इतकी चिडलेली आणि तरी इतकी सुखात मी कधीच नव्हते.

जाण्याच्या सकाळी तिला बसमध्ये बसवायला आम्ही बोरिवलीला गेलो. नवऱ्याने बॅग वर ठेवली आणि विचारलं, "तयारी झाली ना सगळी?"

"हो," ती म्हणाली. मग थांबली. "म्हणजे, बरीचशी. शेवटचा चॅप्टर अजून कच्चा आहे."

त्याचा चेहरा पडला. घरी येईपर्यंत तो रिक्षात काळजी करत होता, आता कसं होणार, अजून एक आठवडा मिळाला असता तर. मी त्याला समजावत राहिले, पण माझं लक्ष नव्हतं. मला ते 'कच्चा आहे' पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं.

फेरपरीक्षा झाली. निकाल कधी लागणार ते आम्हाला माहीत नव्हतं. मधला एक रविवार फोनच आला नाही आणि मी त्या दिवशी देवापुढे नको नको ते नवस बोलले. पुढच्या रविवारी दुपारी तिचा फोन आला.

"आई, पास. काठावर, पण पास."

मी नवऱ्याला हाताने खूण केली. तो स्वयंपाकघरात चहा टाकत होता, तिथूनच ओरडला, "पाटी राहू दे तेवढीच." ती हसली. मग मी नेहमीच्या सवयीने, काही मनात न आणता विचारलं, "बाकी सगळं ठीक?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"नाही," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "गुडघा दुखतो आई. मागच्या टर्मला घोड्यावरून पडले होते, तुला सांगितलं नव्हतं. आणि कधी कधी रात्री असं वाटतं की हे मला जमणारच नाही. आणि तुझी खूप आठवण येते."

इथे ना बोर्ड कामाचा होता, ना थाळी. मी हॉलमध्ये तिच्या त्या भिंतीपाशी जमिनीवर बसले आणि म्हटलं, "सांग." ती सांगत राहिली, गुडघ्याचं, घोड्याचं, एका मैत्रिणीचं, कुणीतरी तिला काय बोललं त्याचं. मी मधे मधे फक्त "मग?" म्हणत होते. हातात फोन असेपर्यंत ती बोलली. शेवटी म्हणाली, "चल, फोन द्यावा लागेल आता. उद्या डॉक्टरला दाखवते गुडघा, प्रॉमिस."

नवरा चहाचे कप घेऊन आला. मला खाली बसलेली बघून घाबरला.

"काय म्हणते? सगळं ठीक आहे ना?"

"नाही," मी म्हटलं, आणि मला इतकं बरं वाटत होतं की रडूच आलं.